ठेका राखणाऱ्या सायलेन्सरला

प्रिय सायलेन्सर,



तुझी बाजू कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र. गाडीचा विषय निघाला की लोक इंजिनाबद्दल बोलतात, ॲव्हरेजबद्दल बोलतात, पिकअपबद्दल तर तासन्‌तास बोलतात. तुझं नाव निघतं ते तू फुटलास की, नाहीतर तुला काढून टाकायचं ठरलं की. नवी बुलेट दारात येते, तिला हार घातला जातो, लिंबू-मिरची बांधली जाते, पेढे वाटले जातात, आणि महिना उलटायच्या आत तुझी रवानगी माळ्यावर होते. तुझ्या जागी चकचकीत पोकळ नळी बसते. मग त्या गल्लीतलं तान्हं बाळ रात्री अकराला दचकून उठतं, बारावीचा अभ्यास करणारी मुलगी पुस्तकावरून मान वर करते आणि नुकताच दवाखान्यातून घरी आलेला म्हातारा छातीवर हात ठेवून बसून राहतो.

या पोरांवर मला आगपाखड करायची नाही. त्यांचं त्या आवाजावर खरंखुरं प्रेम आहे, आणि ते मला समजतं. पण ज्या आवाजासाठी ते तुला काढतात, तो आवाज राखण्याचं काम तूच करत असतोस. हे ऐकायला उलटं वाटेल, म्हणून मुळापासून सांगतो.

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळतं, पिस्टन खाली ढकलला जातो. तो तळाला पोचायच्या थोडं आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या वेळी सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या कित्येक पट दाब शिल्लक असतो. व्हॉल्व्ह उघडताच तो दाब झटक्यासरशी इंजिनातून तुझ्यापर्यंत येणाऱ्या बेंड पाइपात शिरतो, आणि हाच झटका पुढे आपल्या कानावर आदळतो. आपण समजतो की स्फोट ऐकू येतोय. खरं तर जळण्याचं काम तोवर बहुतेक उरकलेलं असतं. ऐकू येते ती उरलेल्या दाबाची सुटका. तो दाब किती, व्हॉल्व्ह किती झपकन उघडतो आणि असे झटके सेकंदाला किती बसतात, यावर कच्चा आवाज ठरतो. त्या कच्च्या आवाजावर संस्कार करायला पुढे तू असतोस.

फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा झटका देतो. बुलेट स्लोवर उभी असताना साधारण ९०० आरपीएमवर फिरते असं धरलं, तर मिनिटाला ४५० झटके झाले, म्हणजे सेकंदाला साडेसात. आपल्या कानाला सेकंदाला वीसेकपर्यंतचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात; त्यापुढे ते एकमेकांत मिसळून त्यांचा सूर होतो. म्हणून उभ्या बुलेटचा एकेक ठोका वेगळा कळतो. ३००० आरपीएमला हीच बुलेट सेकंदाला २५ झटके देते. त्याच वेगाने फिरणारं मारुती ८०० चं तीन सिलिंडरांचं इंजिन ७५ झटके देतं आणि चार सिलिंडरांचं १००. तिथे ठोका उरत नाही, घरघर उरते.

जुन्या ३५० सीसी बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. एकच मोठा सिलिंडर, लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील असल्यामुळे ते इंजिन बंद न पडता अगदी सावकाश फिरू शकायचं. १९५५ पासून मद्रासमध्ये या गाडीची जुळणी सुरू झाली, लष्कराने आणि पोलिसांनी ती वापरली, आणि तो ठेका गावोगावी ओळखीचा झाला. हा ठेका इंजिनाच्या रचनेतून येतो. तो गॅरेजात विकत मिळत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटरसायकलीत दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात बसवलेले असतात आणि दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच पिनला जोडलेले असतात. त्यामुळे झटके सारख्या अंतराने पडत नाहीत: एकदा ३१५ अंशांनी, मग ४०५ अंशांनी. त्या अडखळत्या लयीचा कंपनीला एवढा अभिमान की १९९४ मध्ये तिने या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि २००० मध्ये तो अर्ज मागे घ्यावा लागला. पण तिला राखून ठेवायची होती ती लय. गाडी किती मोठ्याने ओरडते, याचा त्यात प्रश्नच नव्हता.

टू स्ट्रोकची तऱ्हा आणखी निराळी. तिथे क्रँकच्या प्रत्येक फेरीला झटका बसतो, आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडण्याऐवजी पिस्टनच खाली सरकून सिलिंडरच्या भिंतीतलं दार एकदम मोकळं करतो. म्हणून आवाज तीक्ष्ण. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. इंजिन अवघं ९८ सीसीचं. पण आजही एखादी जपलेली आरएक्स मागून आली, तर चाळिशीतली माणसं वळून न बघताच तिचं नाव सांगतात. या गाड्यांत तू इंजिनाचा कामकरी भाग होतास. तुझ्या पोटात दाबाची लाट परतून मागे यायची आणि दाराबाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलायची. तुझा आकार बिघडला की गाडीची ताकदच जायची.

डिझेलचं इंजिन वायूंचा दाब पिस्टनवर जास्त वेळ वापरून घेतं, त्यामुळे बाहेर पडताना त्यांच्यात जोर कमी उरतो. डिझेल गाडीची जी खडखड ऐकू येते, ती बरीचशी इंजिनाच्या अंगातून येते. टर्बो असेल तर बाहेर पडणारा वायू आधी त्याची चक्री फिरवतो आणि तिथेच झटक्याची धार बोथट होते. मग उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एवढे दणदणत का जातात? बहुतेकांवर तू बॉनेटशेजारी उभा, आखूड आणि अंगाने बारीक असतोस. जागा थोडी, किंमत थोडी, त्यामुळे तुझं कामही थोडं. मोटारीत तू मजल्याखाली लांबलचक पसरतोस, कधी दोन-तीन डब्यांत विभागला जातोस. किती जागा आणि किती पैसा तुझ्यावर खर्च केला, यावर गाड्यांच्या आवाजातला निम्मा फरक ठरतो.

तू आतून कसा असतोस, ते मी आमच्या भागातल्या एका गॅरेजात पाहिलं. तिथल्या मिस्त्रींनी कुजलेला एक सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरला आणि दोन्ही फाका जमिनीवर मांडल्या. आत पत्र्याच्या दोन आडव्या भिंती, त्यांनी पाडलेले तीन कप्पे. एक नळी पहिल्या कप्प्यातून थेट तिसऱ्यात गेलेली, दुसरी तिसऱ्यातून उलट मधल्यात आलेली, आणि मधल्यातून बाहेर जाणाऱ्या नळीच्या अंगावर बारीक भोकांची चाळण. वायूला पुढे जायला आधी मागे यावं लागत होतं. पहिल्या कप्प्यात कोरडी काळी काजळी, बोट लावलं की निघणारी. शेवटच्या कप्प्याच्या तळाशी तांबूस गंजाचा चिखल. मिस्त्री म्हणाले, “गिऱ्हाईक म्हणतं, आत काय, रिकामा डबा. रिकामा असता तर एवढा जड कशाला असता?”

त्या कप्प्यांचं गणित सुंदर आहे. अरुंद गल्लीतून रेटारेटी करत आलेली दिंडी चंद्रभागेच्या वाळवंटात पोचली की जशी सैल होते, तसा बेंड पाइपातला दाब तुझ्या कप्प्यात येऊन पसरतो. शिवाय जिथे वाट एकदम रुंद किंवा अरुंद होते, तिथे आवाजाची लाट आदळून मागे फिरते. मागे फिरलेली आणि पुढे येणारी लाट एकमेकींना खोडतात. नळीच्या चौपट व्यासाचा कप्पा असेल, तर त्याचं क्षेत्रफळ १६ पट होतं, आणि असा एक साधा कप्पा त्याच्या लांबीला जुळणारा आवाज १८ डेसिबलपर्यंत कमी करू शकतो. म्हणजे त्या आवाजाच्या ऊर्जेचा ६४ भागांतला एकच भाग पुढे जातो. अट एवढीच, की कप्प्याची लांबी त्या आवाजाच्या लाटेच्या पाव असायला हवी. लाटेच्या निम्मी झाली, तर तोच कप्पा त्या आवाजाला काहीच अडवत नाही. म्हणून तुझे कप्पे वेगवेगळ्या लांबीचे ठेवतात. एकाच्या हातून निसटलेलं दुसरा पकडतो. बारीक भोकांच्या नळीभोवती काचेची किंवा स्टीलची लोकर भरली, तर उंच पट्टीचा आवाज त्या तंतूंत घासून उष्णता बनतो.

आता माझ्या मूळ म्हणण्याकडे येतो. तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने जातो. आवाजातला ५०० हर्ट्झचा कर्कशपणा अडवायचा, तर त्याच्या लाटेची लांबी एक मीटर आणि तिचा पाव भाग २५ सेंटीमीटर. एवढा कप्पा मोटरसायकलवर सहज मावतो. पण बुलेटच्या ठेक्याचा पाया २५ हर्ट्झच्या आसपास. त्याची लाट २० मीटरची, आणि तिचा पाव भाग ५ मीटर. एवढा सायलेन्सर कोणती दुचाकी वागवेल? म्हणजे तुझी रचनाच अशी आहे की उंच पट्टीचं किंचाळणं तू धरून ठेवतोस आणि खालच्या पट्टीचा ठोका बऱ्याच अंशी सोडून देतोस.

डेसिबल मोजण्याची पद्धतही त्या ठोक्याच्या बाजूची आहे. आपला कान खालच्या पट्टीला मंद असतो, म्हणून नियमाचं मोजमापही तसंच ठेवलंय. १०० हर्ट्झचा आवाज त्यात सुमारे १९ डेसिबल कमी धरला जातो आणि २५ हर्ट्झचा ४० हून अधिक. त्यामुळे कंपनीच्या सायलेन्सरमधून ठेका जिवंत राहतो आणि गाडी नियमातही बसते. तुला काढलं की ठेक्यात मोठीशी भर पडत नाही. भर पडते ती वरच्या पट्टीतल्या तडतडीची आणि फाटलेल्या आवाजाची, आणि त्या कल्लोळात ठेका बुडून जातो. गाडी ओरडते, पण तिचं बोलणं ऐकू येत नाही. ज्याला बुलेटचा ठेका खरोखर आवडतो, त्याने कंपनीचा, न कापलेला, धडधाकट सायलेन्सर लावलेली गाडी स्लोवर उभी करून शांतपणे ऐकावी. हवा आहे तो आवाज तिथेच आहे.

दुसरा समज ताकदीचा. “पुंगळी काढली की गाडी मोकळी होते, पिकअप वाढतो,” असं छातीठोकपणे सांगितलं जातं. वायूला अडथळा कमी झाला की इंजिनाला थोडी मोकळीक मिळते, हे खरं. रेसच्या गाड्यांना तसे सायलेन्सर असतातच. पण तिथे बेंड पाइपाची लांबी, तिचा व्यास, पेट्रोलचं प्रमाण आणि स्पार्कची वेळ हे सगळं मिळून बांधलेलं असतं. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन तुझ्यासकट जुळवलेलं आहे. एकट्या तुला बाजूला केलं की इंजिनाचं पेट्रोलचं गणित चुकतं, आणि कमी आरपीएमवरचा जोर, म्हणजे शहरात आणि घाटात रोज लागणारा जोर, बऱ्याचदा उलट घटतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तुझ्यासोबत किंवा तुझ्या पोटातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याची मधाच्या पोळ्यासारखी जाळी धूर स्वच्छ करते आणि जाता जाता आवाजही मवाळ करते. बाजारातली नळी लावताना तीही जाते. आवाजासोबत विषारी धूरही गल्लीत सोडला जातो. आवाज कानावर आदळला की लोक ओरडतात. धुराबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण तो दिसत नाही. पिकअप वाढल्याचा भास मात्र पक्का होतो, कारण मोठा आवाज मनाला वेग म्हणून पटतो.

तिसरी गोष्ट फटाक्यांची. चालत्या गाडीचं स्विच क्षणभर बंद करायचं, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात साचू द्यायचं आणि स्विच पुन्हा चालू करून ते पेटवायचं. तो धमाका इंजिनाबाहेर, तुझ्या पोटात होतो. त्याने तुझे सांधे उसवतात, आतल्या भिंती सुटतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून निकामी होतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मार बसतो. शाळेसमोर, मुलींच्या वसतिगृहासमोर, मिरवणुकीत हा प्रकार मुद्दाम केला जातो. यात आवाजाचं प्रेम कुठे आहे? यात दुसऱ्याला दचकवण्याची हौस आहे, आणि तिला तेवढंच म्हणावं.

मोठा आवाज करणाऱ्या सगळ्या गाड्यांना मी एका मापाने मोजत नाही. काही गाड्या गरिबीने ओरडतात. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे लिटरभरच पाणी तयार होतं. गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन उडून जातं. पण दूध टाकणारा, डबे पोचवणारा, घरोघरी पार्सल देणारा माणूस दिवसभर पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारतो. तू पुरेसा तापतच नाहीस, आणि पाणी तुझ्या पोटात साचत राहतं. तुझ्या तळाशी ते निथळायला बारीक भोक ठेवलेलं असतं, ते चिखलाने बुजतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाची आणि खाऱ्या हवेची भर पडते. तू आतून कुजतोस, एक दिवस भोक पडतं, गॅस्केट जळतं आणि गाडी फडफडायला लागते. नव्या सायलेन्सरचे पैसे परवडत नाहीत म्हणून माणूस पॅच मारून घेतो. वेल्डिंगचा तो पॅच पावसाळाभर टिकतो, मग शेजारी दुसरं भोक. या माणसाला कोणाला त्रास द्यायचा नाही. त्याला रोजी चालवायची आहे.

दुसऱ्या गाड्या मुद्दाम ओरडतात. चांगला सायलेन्सर काढून, वर पैसे मोजून, नळी लावलेल्या. नळीसोबत आतलं बूच मिळतं, ज्याला पोरं ‘डीबी किलर’ म्हणतात. ते पहिल्याच दिवशी काढून खिशात ठेवायचं आणि पोलीस दिसला की लावायचं. आतली काचेची लोकर काही महिन्यांत जळून उडून जाते, आणि नळी दिवसेंदिवस आणखी मोठ्याने ओरडू लागते. तिसऱ्या गाड्या श्रीमंतीने ओरडतात. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये तुझ्या आत झडप असते. बटण दाबलं किंवा इंजिन वेगाने फिरलं की ती उघडते आणि वायू तुझे कप्पे चुकवून थेट बाहेर पडतो. तो आवाज कंपनीनेच दिलेला असतो, त्यामुळे हातगाडीवाल्याला हटकणारा शिपाई त्या कारला सलाम करतो. कायदा लावायचा, तर या तिघांतला फरक ओळखून लावला पाहिजे. पहिल्याला तुझी दुरुस्ती स्वस्तात करून द्यावी, दुसऱ्याला दंड करावा, आणि तिसऱ्याला विचारावं की रात्री वस्तीतून जाताना झडप बंद ठेवायला त्याचं काय जातं?

कायद्यात तुझ्यासाठी जागा पहिल्यापासून आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनावर, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरवरसुद्धा, तू असलाच पाहिजेस असं सांगतो. तू आतल्या कप्प्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या युक्तीने आवाज शक्य तितका कमी करावास, एवढा तपशील त्यात आहे. नव्या मोटरसायकलींना ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबलची मर्यादा आहे. गाडी जोरात पळवत साडेसात मीटरवरून हे मोजतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाची आणि धुराची मानकं मोडणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं.

डेसिबलचे आकडे फसवे असतात, म्हणून हेही सांगतो. मर्यादा ८० ची आणि गाडी ९० ची, म्हणजे दहाच तर जास्त, असं वाटतं. पण १० डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा. ती एक गाडी जाते, तेव्हा नियमातल्या दहा गाड्या एकत्र गेल्यासारखं असतं. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आपल्याच नियमांनी २००० साली घातली. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्याचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ च्या खालीच ठेवावा असं सुचवलं, कारण त्यापुढे झोप बिघडते.

गॅरेजातल्या पोराचाही मी विचार करतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणं ही कानांसाठी सुरक्षिततेची सीमा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि १०० ला पंधरा मिनिटांवर येतो. सोळा-सतरा वर्षांचं पोर मोकळ्या नळीशेजारी बसून दिवसभर गाड्या रेस करून बघतं. त्याच्या कानांना कोणी काही बांधत नाही. आवाजाचा हा त्रास तुझ्या घराण्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्हज यांनी इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं. पुढे १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं आणि इंजिनांसाठीही तशीच साधनं केली. त्यांचे वडील हायरम मॅक्सिम हे मशिनगनचे जनक, आणि स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजाने कान गेलेले.

आता तुला एक काळजी असेल. विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांना एक्झॉस्टच नाही, म्हणजे तूही नाहीस. मग जगाला तुझी गरज संपली का? युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक मोटारीला कमी वेगात असताना मुद्दाम आवाज करावा लागतो, कारण अंध माणसाला, मुलाला, म्हाताऱ्याला ती येतेय हे कळलं पाहिजे. म्हणजे मुकी गाडी कोणालाच नको आहे. गाडीने आपण आलो एवढं सांगावं, पण झोपलेल्याला उठवू नये. हे माप तू सव्वाशे वर्षं सांभाळत आला आहेस, आणि पेट्रोलच्या कोट्यवधी गाड्या अजून बरीच वर्षं रस्त्यावर राहणार आहेत. तुझं काम संपलेलं नाही.

आता मागणं. पोलीस जप्त केलेल्या नळ्या रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांवर रोड रोलर फिरवतात. बातमीला ते चित्र बरं दिसतं, पण नळी विकणारं दुकान दुसऱ्या दिवशी उघडंच असतं. नळी वापरणाऱ्याइतकीच ती विकणाऱ्याची आणि बसवणाऱ्याची चौकशी व्हावी. आपल्या पीयूसी केंद्रांवर तुझ्या तोंडात नळी घालून धूर मोजतात, आवाज मात्र मोजत नाहीत. त्याच जागी, त्याच दोन मिनिटांत आवाजही मोजता येईल. मीटर फार महाग नसतो. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने गाडी तिथे येतेच. आवाज जास्त निघाला, तर तुझी तब्येत तपासून घ्यायला सांगावं आणि मगच शिक्का मारावा. जो गरीब गाडीवाला पॅचवर दिवस काढतो, त्याला नवा, प्रमाणित सायलेन्सर कमी दरात मिळेल अशी सोय महापालिकांनी करावी. एका रात्रीच्या शांततेची किंमत लक्षात घेतली, तर हा खर्च मोठा नाही.

आणि बुलेटवाल्या पोरांना माझा निरोप दे. त्यांनी एकदा तुला माळ्यावरून खाली काढावं, मिस्त्रीकडे नेऊन नीट बसवावं, नवं गॅस्केट घालावं आणि गाडी सुरू करावी. आत इंजिन आणि बाहेर गाव, या दोघांच्या मधे तू उभा असतोस. हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर हे सगळे चालवणाऱ्याच्या वतीने रस्त्याशी बोलतात. तू एकटा रस्त्याच्या वतीने गाडीवर बसलेला आहेस. गाडीचा आवाज किती असावा हे ठरवताना तो आवाज ऐकावा लागणाऱ्यांचंही मत धरलं पाहिजे, आणि ते मत गाडीपर्यंत पोचवणारा दुसरा कोणी नाही. म्हणून तुला काढणं हे मला गाडीत केलेला साधा बदल वाटत नाही. इतक्या माणसांना न विचारता घेतलेला तो निर्णय आहे. तो यापुढे घेऊ देणार नाही, एवढं मी आणि माझ्यासारखे रस्त्याकडेला राहणारे लोक आता उघड म्हणतो आहोत.

तुझा,
रस्त्याकडेच्या घरात राहणारा एक नागरिक